खाणीत उतरलेला वैद्य : गेऑर्गियस अ‍ॅग्रिकोला

ज्या काळ्या पाषाणात अजिंठा-वेरूळची लेणी कोरली गेली, ज्याच्या कड्यांवर सह्याद्रीतील गडकोट उभे राहिले आणि माळव्याच्या पठारापासून बेळगावच्या परिसरापर्यंत ज्याच्या घडीव दगडांनी वाडे, घाट व देवळे बांधली गेली, त्या पाषाणाला भूशास्त्रात बेसॉल्ट म्हणतात. हे नाव आजच्या अर्थाने रूढ करण्याचे श्रेय १५४६ साली प्रसिद्ध झालेल्या एका लॅटिन ग्रंथाला दिले जाते. त्या ग्रंथाचा कर्ता भूशास्त्रज्ञ नव्हता. त्या नावाचे शास्त्रच तेव्हा जन्माला यावयाचे होते. तो जर्मनीतील सॅक्सनी प्रांतातील एका गावाचा नगरवैद्य होता. रोग्याची नाडी पाहणे हा त्याचा व्यवसाय आणि दगड गोळा करणे हे त्याचे वेड. या वेडाने पुढे खनिजशास्त्राचा पाया घातला.

गेऑर्गियस अ‍ॅग्रिकोला यांचा जन्म २४ मार्च १४९४ रोजी सॅक्सनीतील ग्लाउखाउ या गावी झाला. घराणे कापडाच्या धंद्यातले होते. मूळ नाव गेऑर्ग पावर, म्हणजे शेतकरी. आपल्याकडे धंद्यावरून आडनावे पडली. त्या काळच्या युरोपातील विद्वानांत आडनावाचेच लॅटिन भाषांतर करून घेण्याची रीत होती. त्याप्रमाणे लाइपझिग विद्यापीठात शिकत असता पावरचे अ‍ॅग्रिकोला झाले. अर्थ तोच राहिला.

त्यांचा प्रारंभीचा ओढा भाषांकडे होता. त्स्विकाउ येथे ते ग्रीक व लॅटिन शिकवीत. १५२० साली त्यांनी लॅटिन व्याकरणाचे एक लहानसे पुस्तकही काढले. पुढे वैद्यकाच्या ओढीने ते इटलीत गेले. तेथे व्हेनिसच्या विख्यात आल्डाइन मुद्रणालयात गालेन या प्राचीन ग्रीक वैद्याचे समग्र ग्रंथ मूळ भाषेत छापण्याचे काम चालू होते. त्याच्या संपादनास अ‍ॅग्रिकोला यांनी हातभार लावला. १५२५ साली ती आवृत्ती बाहेर पडली. जुन्या हस्तलिखितांतील एकेक शब्द तपासून घेण्याची ही उमेदवारी त्यांच्या पुढील आयुष्यात फार उपयोगी पडली. किंबहुना याच कामातून त्यांना एक अडचण जाणवली असावी. गालेन आणि डायोस्कोरिडीस यांच्या ग्रंथांत औषधी म्हणून कितीतरी माती, क्षार व धातुजन्य पदार्थांची नावे येतात. नावे होती, गुण लिहिलेले होते. परंतु नेमका कोणता पदार्थ, हे सांगणारा कोणी उरला नव्हता. पारद, गंधक, अभ्रक आणि नाना भस्मे यांच्यावर ज्यांच्या रसशास्त्राची उभारणी झाली आहे, त्या आपल्या वैद्यांना ही अडचण निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही. श्लोक पाठ असला तरी खलात घालावयाचा पदार्थ ओळखता आला पाहिजे.

ही ओळख ग्रंथांत मिळणार नव्हती. ती जमिनीखालीच मिळण्याचा संभव होता. इटलीहून परतल्यावर १५२७ साली अ‍ॅग्रिकोला यांनी बोहेमियातील योआखिमस्थाल या खाणींच्या गावाचे नगरवैद्यपद पत्करले. हे गाव आज यॅखिमॉव्ह या नावाने चेक प्रजासत्ताकात आहे.

सॅक्सनी आणि बोहेमिया यांच्या सीमेवर जी डोंगररांग आहे तिचे जर्मन नावच मुळी धातुकांचे डोंगर असे आहे; धातुक म्हणजे ज्यातून धातू गाळून काढावयाची तो कच्चा दगड. या रांगेत सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात चांदी सापडली आणि जेथे ओसाड रान होते तेथे पाहता पाहता हजारोंची वस्ती उभी राहिली. त्या चांदीची जी नाणी पाडली गेली त्यांना गावाच्या नावावरून योआखिमस्थालर म्हणत. त्याचेच तुटून थालर झाले, आणि थालरपासून आजचा डॉलर. जगाच्या बाजारावर राज्य करणाऱ्या नाण्याचे आडनाव अशा एका डोंगराळ खेड्याचे आहे, हे कितीजणांच्या ध्यानात असते कोण जाणे!

या गावी वैद्याला रोगी कमी पडत नसत. खाणीत उतरताना शिडीवरून पडलेले, दरड कोसळून जायबंदी झालेले, खोकून खोकून खंगलेले, सांध्यांना सूज आलेले कामगार रोजचेच. अ‍ॅग्रिकोला त्यांच्यावर उपचार करीत आणि मोकळा वेळ मिळेल तेव्हा त्यांच्याबरोबर खाणीत व भट्ट्यांवर जात. धातूची शीर डोंगरात कशी शिरते, कोणत्या दिशेला वाकते, कोणत्या रंगाचा दगड दिसला की चांदी जवळ आली असे समजावे, भट्टीत काय टाकले असता कठीण धातुक लवकर वितळते, हे सर्व त्या अक्षरशत्रू माणसांना पाठ होते. विद्यापीठांतील पंडितांना त्यातले काहीच ठाऊक नव्हते. ज्ञान एकीकडे आणि ग्रंथ दुसरीकडे, असा तो प्रकार होता. अ‍ॅग्रिकोला यांनी विचारावयाचे आणि टिपून घ्यावयाचे ठरविले. त्याबरोबर दगडही गोळा होऊ लागले. कामगार आणून देत, खाणीवरचे अधिकारी ठेवून देत, पुढे पुढे दूरच्या गावांचे विद्वान स्नेही नमुने पाठवू लागले.

या संग्रहातून आणि संवादातून त्यांचे पहिले महत्त्वाचे पुस्तक निघाले. १५३० साली बाझेल येथील फ्रोबेन या प्रकाशनगृहाने छापलेले 'बेर्मान्नुस' हे ते पुस्तक. योआखिमस्थालच्या परिसरात तीन माणसे बोलत बोलत हिंडत आहेत, असा त्याचा घाट आहे. दोघे वैद्य आहेत. त्यांना प्राचीन ग्रंथ अवगत आहेत. तिसरा बेर्मान हा खाणीच्या धंद्यातील जाणकार. वैद्य ग्रंथातले नाव सांगतात, बेर्मान वाटेतला दगड उचलून दाखवितो. पंडितांना शिकविण्याचा अधिकार खाणकऱ्याकडे द्यावा, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. या पुस्तकासाठी खुद्द इरॅस्मसने शिफारसपत्र लिहिले. बिस्मथ ही शिसे आणि कथील यांहून निराळी धातू आहे, ही गोष्ट ज्या आरंभीच्या छापील पुस्तकांत आढळते त्यांत 'बेर्मान्नुस'ची गणना होते. भट्टीत टाकले असता धातुकाला चटकन पातळ करणारे काही रंगीत, सुंदर स्फटिक खाणकरी वापरीत. त्यांच्या बोलीतील नावाचे अ‍ॅग्रिकोला यांनी 'वाहणारे' या अर्थी 'फ्लुओरेस' असे लॅटिन रूप केले. त्यावरून फ्लुओरस्पार हे खनिजनाम आले आणि एकोणिसाव्या शतकात फ्लुओरीन या मूलद्रव्याचे नाव पडले. दात घासण्याच्या पेस्टवर आज जो फ्लोराइड शब्द वाचावयास मिळतो, त्याचे मूळ असे बोहेमियातील भट्टीवरच्या मजुराच्या तोंडी आहे.

येथे एक व्यावहारिक गोष्टही सांगावयास हवी. अ‍ॅग्रिकोला यांनी जवळच्या आबर्टाम येथील एका चांदीच्या खाणीत भाग घेतला होता. खाणीचे नाव 'देवाची देणगी', आणि नावाप्रमाणे ती फळली. या मिळकतीची त्यांनी स्वतःच पुढे कृतज्ञतेने नोंद केली आहे. वैद्यकीच्या उत्पन्नावर विसंबून राहावे लागले असते तर दगड जमविणे, चित्रकार नेमणे आणि वर्षानुवर्षे लिहीत बसणे त्यांना साधले असते की नाही, याची शंका वाटते. विद्येचा आणि मिळकतीचा असा उघड संबंध मान्य करणारे विद्वान विरळाच.

चौथ्या दशकाच्या आरंभी ते सॅक्सनीतील खेमनित्स येथे नगरवैद्य म्हणून गेले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. १५३३ साली ग्रीक व रोमन वजनेमापे यांवर त्यांचा ग्रंथ निघाला. वरवर पाहता हा निव्वळ पुराणवस्तूंचा विषय. परंतु जुन्या औषधपाठातले प्रमाण कळल्याखेरीज वैद्याने औषध द्यावे कसे, हा त्यामागचा प्रश्न होता. त्यानंतर तेरा वर्षांनी, १५४६ साली, फ्रोबेननेच त्यांचे भूगर्भविषयक ग्रंथ एका खंडात छापले. त्यांतील 'दे नातुरा फोसिलियम', म्हणजे खणून काढलेल्या पदार्थांचे स्वरूप, हा ग्रंथ सर्वांत मोलाचा होय. फॉसिल या शब्दाचा अर्थ तेव्हा जीवाश्म एवढाच मर्यादित नव्हता. जमिनीतून जे जे खणून काढावे ते सर्व फॉसिल.

त्यापूर्वीच्या पुस्तकांतून दगडांची यादी बहुधा वर्णानुक्रमाने किंवा त्यांच्या अद्भुत शक्तींनुसार दिलेली असे. कोणता मणी विष उतरवितो, कोणता युद्धात जय देतो, अशी ती वर्णने. अ‍ॅग्रिकोला यांनी हे बाजूला ठेवून इंद्रियांना जे कळते त्यावर मांडणी केली. रंग, पारदर्शकता, चकाकी, चव, वास, जडपणा, कठीणपणा, ठिसूळपणा, आकार, आगीत व पाण्यात काय होते ते. माती, घट्ट झालेले रस म्हणजे मीठ-तुरटीसारखे क्षार, दगड, धातू आणि मिश्र पदार्थ असे वर्ग पाडले. रोग्याची जीभ पाहणारा वैद्य येथे स्वतःच्या जिभेने तुरटी आणि हिराकस यांतला भेद सांगतो. लक्षणांवरून रोग ओळखावा तसे लक्षणांवरून खनिज ओळखावे, ही दृष्टी वैद्याचीच आहे; शुद्ध पंडिताला ती सुचली असती असे वाटत नाही.

याच ग्रंथात सॅक्सनीतील श्टोल्पेन येथील किल्ल्याची टेकडी येते. तेथे काळ्या दगडाचे बहुकोनी खांब एकास एक लागून उभे आहेत. प्लिनी या रोमन लेखकाने लोखंडाच्या रंगाच्या व तशाच कठीण अशा एका दगडाचे वर्णन केले होते. तो दगड हाच, असे ठरवून अ‍ॅग्रिकोला यांनी ते नाव श्टोल्पेनच्या खांबांना दिले. गंमत अशी की, प्लिनीच्या ग्रंथात मूळ शब्द बासानितेस असा असून, नकला करणाऱ्यांच्या हातून त्याचे बासाल्तेस झाले, असे अभ्यासक मानतात. ग्रीक भाषेत बासानोस म्हणजे सोने पारखण्याचा कसोटीचा दगड. लेखनिकाच्या एका चुकीतून निघालेला शब्द आज आपल्या पायाखालच्या पठाराला चिकटला आहे.

त्या खंडाच्या प्रकाशनाच्या वर्षीच सॅक्सनीच्या ड्यूक मॉरिसच्या मर्जीने ते खेमनित्सचे नगराध्यक्ष झाले. हे पद त्यांनी चार वेळा भूषविले. युद्धाचा काळ होता. दूत म्हणून राजदरबारी जावे लागे, शिवाय राजघराण्याची वंशावळ लिहिण्याचे किचकट काम गळ्यात पडले होते. आणखी एक गोष्ट होती. १५३९ नंतर खेमनित्सने प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला; अ‍ॅग्रिकोला मात्र जुन्या कॅथलिक पंथातच राहिले. प्रोटेस्टंट राजा, प्रोटेस्टंट नगर आणि कॅथलिक नगराध्यक्ष, असा तो योग. त्यांचे निकटचे स्नेही, माइसेन येथील विद्यालयाचे प्रमुख गेऑर्ग फाब्रिसियस हेही प्रोटेस्टंट होते, पण त्या स्नेहात अंतर पडले नाही. १५५२-५३ च्या प्लेगमध्ये साठीला आलेल्या या वैद्याने रोग्यांची शुश्रूषा केली आणि १५५४ साली प्लेगवर पुस्तक लिहिले.

या सर्व धावपळीत एक काम मागे पडत व पुढे सरकत होते. ते म्हणजे 'दे रे मेटालिका', खाणी व धातुविद्या यांवरचा बारा भागांचा ग्रंथ. मजकूर १५५० च्या सुमारास पुरा झाला, पण लेखकाचे समाधान होईना. शब्दांनी वर्णिलेले यंत्र पुढच्या पिढीला कळेल याचा त्यांना भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी चित्रे काढवून घेतली. पाणी उपसणारे रहाट, पंप, वारा आत ढकलणारे भाते, धातुक कुटणारी मुसळे, चाळण्या, मुशी, भट्ट्या असे सुमारे २९० लाकडी ठसे कोरविले गेले. त्यांतल्या माणसांकडे पाहावे. कोणी ओझे वाहतो आहे, कोणी वाकून धातुक धूत आहे. खाणीचे पोट कापून दाखविल्यासारखी ती चित्रे आहेत.

ग्रंथाच्या पहिल्याच भागात अ‍ॅग्रिकोला यांनी खाणकामाविरुद्धचे आक्षेप मांडले आहेत. खाणींसाठी अरण्ये तोडली जातात, पशुपक्षी नाहीसे होतात, धातुक धुतलेल्या पाण्याने ओढे विषारी होऊन मासे मरतात, धातूंमुळेच युद्धे होतात. मग त्यांनी या आक्षेपांना उत्तरे दिली आहेत, आणि धातूंवाचून शेती, वैद्यक वा घरबांधणी चालणार नाही असे म्हटले आहे. त्यांचा पक्ष उघड आहे. खाणीत त्यांचा भागही होता. तरी प्रतिपक्षाची बाजू त्यांनी इतक्या स्पष्टपणे लिहून ठेवली की, आज वाचणाऱ्याला कित्येकदा आक्षेपच उत्तरांपेक्षा वजनदार वाटतात.

कामाच्या पाळ्यांबद्दलही त्यांनी लिहिले आहे. दिवसाच्या तीन पाळ्या, प्रत्येकी सात तासांची. रात्रीची पाळी निकड असल्यासच. एकाच माणसाला लागोपाठ दोन पाळ्या करू देऊ नयेत, कारण थकून तो खाणीतच झोपी जातो. रात्री काम करणारे झोप टाळण्यासाठी गाणी म्हणतात, आणि ती कानाला वाईट लागत नाहीत, असेही ते नोंदवितात. पहाटे जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या आयाबहिणींची ज्यांनी गाणी ऐकली आहेत, त्यांना हे वाचून ओळखीचे वाटेल.

ग्रंथाच्या सहाव्या भागात मात्र वैद्य पुन्हा पुढे येतो. कोरड्या खाणीतील धूळ श्वासनलिकेतून फुप्फुसात शिरते, दम लागतो, आणि धूळ झोंबणारी असेल तर फुप्फुसे सडतात. कार्पेथियन डोंगरातील खाणींच्या प्रदेशात एकेका स्त्रीचे सात सात नवरे असे क्षयाने गेले, हे त्यांनी कोणताही अलंकार न वापरता सांगितले आहे. उपाय म्हणून तोंडावर सैल पडदा, कोपरापर्यंत हातमोजे, कातड्याचे उंच बूट आणि खाणीत मोकळी हवा पोहोचविणारी यंत्रे त्यांनी सुचविली. खाणीतील भुताखेतांवर मात्र त्यांचा विश्वास होता. काही खाणींत दुष्ट पिशाच्चे असतात आणि प्रार्थना व उपवास यांनी ती जातात, असे त्यांनी लिहिले आहे. धातूचा शोध लावणाऱ्या जादूच्या काठीवर त्यांचा भरवसा नव्हता, किमयागारांवर तर मुळीच नव्हता. पिशाच्चांच्या बाबतीत ते आपल्या काळाचे राहिले. असो.

फुप्फुसांच्या या रोगाचे पुढे काय झाले ते येथेच सांगितलेले बरे. १८७९ साली दोन जर्मन डॉक्टरांनी त्याच डोंगरातील श्नेबर्गच्या खाणकामगारांची तपासणी करून त्यांच्या फुप्फुसातील व्याधी कर्करोगाच्या जातीची असल्याचे दाखवून दिले. योआखिमस्थालच्या खाणीत चांदीबरोबर एक काळा, जड दगड निघे. चांदी शोधणाऱ्यांना तो निरुपयोगी वाटे. त्याच दगडाच्या गाळसाळीतून मारी व पिएर क्यूरी यांनी १८९८ साली रेडियम शोधून काढले. त्या खडकांतून निघणारा रेडॉन वायू खाणीच्या हवेत साचून राहतो आणि फुप्फुसांत जातो, हे विसाव्या शतकात कळले. मोकळ्या हवेचा अ‍ॅग्रिकोला यांचा आग्रह योग्य होता. खाणीच्या हवेत धुळीखेरीज आणखी काय आहे, हे कळण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते.

२१ नोव्हेंबर १५५५ रोजी खेमनित्स येथे अ‍ॅग्रिकोला यांचे निधन झाले. ज्या नगराचे ते चार वेळा नगराध्यक्ष होते आणि ज्याच्या रोग्यांना त्यांनी प्लेगात हात लावला होता, त्या नगराने पंथभेदामुळे त्यांच्या दफनास जागा नाकारली. सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेल्या त्साइत्स येथे त्यांचे मित्र यूलियस फ्लुग हे कॅथलिक बिशप होते. त्यांच्या कॅथीड्रलमध्ये अखेर त्यांना विसावा मिळाला.

चारच महिन्यांनी, मार्च १५५६ मध्ये, 'दे रे मेटालिका' बाझेलला प्रसिद्ध झाला. ठसे कोरण्यास वेळ लागल्यामुळे लेखकाच्या डोळ्यांना तो ग्रंथ छापील रूपात पाहावयास मिळाला नाही. पुढच्याच वर्षी त्याचे जर्मन भाषांतर निघाले, १५६३ साली इटालियन. दोन शतके खाणविद्येत त्याच्या तोडीचा दुसरा ग्रंथ नव्हता.

दगड जमविण्याचे त्यांचे वेडही एकट्याचे राहिले नाही. योहानेस केन्टमान हे टोर्गाउ येथील वैद्य त्यांच्या वर्गीकरणाचे अनुयायी होते. त्यांनी सुमारे सोळाशे नमुने खणाखणांच्या कपाटात लावून ठेवले आणि प्रत्येकाची नोंद केली. ती यादी १५६५ साली झुरिकच्या कोनराड गेस्नर यांनी छापली. खनिजसंग्रहाची छापून प्रसिद्ध झालेली ती पहिली सूची समजली जाते. कपाट, खण, क्रमांक आणि सूची यांची महती ग्रंथालयाच्या सभासदांना वेगळी सांगावयास नको.

इंग्रजी वाचकांना 'दे रे मेटालिका'साठी १९१२ सालापर्यंत थांबावे लागले. भाषांतर केले ते हर्बर्ट हूवर या अमेरिकन खाणअभियंत्याने आणि त्यांची पत्नी लू हेन्री हिने. हेच हूवर पुढे १९२९ ते १९३३ या काळात अमेरिकेचे अध्यक्ष होते. पत्नीला लॅटिन चांगले येत होते आणि दोघांनीही भूशास्त्राचे शिक्षण घेतले होते. तरीही या कामाला त्यांना काही वर्षे लागली. कारण असे की, खाणकऱ्यांच्या बोलीतल्या शेकडो शब्दांसाठी लॅटिनमध्ये प्रतिशब्दच नव्हते. ते अ‍ॅग्रिकोला यांनी स्वतः घडविले होते आणि कोणत्याही कोशात ते सापडत नव्हते. तेव्हा त्या जोडप्याला एकेका शब्दासाठी आधी ती क्रिया समजून घ्यावी लागली. दगड कोणता, भट्टी कशी, पंपाचा दांडा कोठे बसतो, हे कळल्यावर मग शब्दाचा अर्थ उलगडे.